चतुरांच्या वाटेने

बेळगावाहून गोव्यास उतरावयाच्या वाटा तीन. एक आंबोलीची, दुसरी अनमोडची आणि तिसरी जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याच्या घाटाने साखळीस जाणारी. या तिसऱ्या वाटेवर आमचे विशेष प्रेम आहे. तिच्यावर मोटारींची वर्दळ पुष्कळ वाढली असली, तरी रानाची सोबत फारशी तुटत नाही. आणि आमच्या आत्याचे सासर तिसवाडीतील करमळी येथे असल्यामुळे आम्हांस ती सोयीचीही पडते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही या वाटेने निघालो, ते सृष्टिशोभा पाहण्याच्या हेतूने मात्र नव्हे. आत्याचा निरोप आला होता, "घरामागची तळी बुजवायचं घाटतंय. बुजायच्या आधी एकदा येऊन जा." पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या माणसाने असे बोलावल्यावर जाणे प्राप्तच होते. सोबत आमची पत्नी, धाकट्या भावाचा दहा वर्षांचा मुलगा आणि भाकरी-चटणीची शिदोरी एवढाच परिवार.

पहाटेच घर सोडले. जांबोटी मागे पडली तेव्हा उजाडू लागले होते, आणि कणकुंबीस पोहोचलो तो सात वाजले. कणकुंबी हे मलप्रभेचे जन्मस्थान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर उगम पावणारी ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते व तिच्यासवे बंगालच्या उपसागरास जाते. उलट याच परिसरातील काही ओहोळ पश्चिमेकडे उड्या घेत म्हादईत उतरतात आणि मांडवीच्या नावाने अरबी समुद्रास मिळतात. एकाच ढगाचे पाणी. पण थेंब कोणत्या उतारावर पडला यावरून त्याचा समुद्र ठरावयाचा! दरवेळी येथे आलो की हा विचार मनात येतो. त्या दिवशी त्याला एक नवे निमित्त मिळावयाचे होते.

गाव ओलांडून थोडे पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेस एक उघडा कातळसडा लागला. तेथे न्याहारीसाठी थांबलो. पाऊस सरत आला होता. जांभ्याच्या खळग्यांतून घोटाभर पाणी साचून राहिले होते. धुके अजून उतरले नव्हते, आणि कडेच्या करवंदीच्या जाळ्या दवाने निथळत होत्या. त्या जाळ्यांना काहीतरी लोंबत होते. प्रथम वाळकी पानेच वाटली. जवळ जाऊन पाहतो तो ते चतुर! एकेका डहाळीस दोन-दोन, तीन-तीन. पायांनी काडी धरून शरीर सरळ खाली सोडलेले, पंख पसरलेले आणि प्रत्येक पंखावर दवाचे मणी.

"काका, केवढी हेलिकॉप्टरं!" पुतण्या ओरडला, आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्याने त्यांतील एक अलगद उचलले. थंडीने गारठलेला चतुर पकडणे म्हणजे झाडावरचे बोर तोडण्याइतकेच सोपे. बिस्किटांचा रिकामा डबा मोटारीत होताच. झाकणास चार भोके पाडून चतुर त्यात गेला.

आम्ही त्यास रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावावे? वाचकहो, लहानपणी चतुराच्या शेपटीस दोरा बांधून त्याला पतंगासारखा उडविला नाही, असा आमच्या पिढीचा मुलगा खेड्यात विरळाच सापडेल. त्याच्या पायांत लहान खडा देऊन तो किती उचलतो ते पाहावयाचे, आणि दमून पडला की दुसरा पकडावयाचा, हा आमचा नित्याचा खेळ. चतुर खाली उडू लागले म्हणजे पाऊस येणार, असे आजी म्हणत असे; तेवढेच काय ते त्याच्याविषयीचे आमचे ज्ञान.

भाकरी खाईपर्यंत ऊन आले. जाळीवरचे चतुर आधी पंख थरथरवू लागले. थंड यंत्र चालू करण्यापूर्वी तापवावे, तसा तो प्रकार होता. मग एकामागून एक ते सुटले, आणि घटकाभरात सड्यावरचे आभाळ त्यांनी भरून गेले. शेकडो असावेत. आता त्यांतील एकही बसावयास तयार नव्हता. तळ्याकाठी काडीच्या टोकावर बसून राहणारे लाल भडक चतुर आपण सारेच पाहतो. ते थोडे उडतात, पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. हा चतुर तसा नव्हे. हा दिवसभर बहुधा हवेतच असतो. हवेतच भक्ष्य पकडतो आणि हवेतच खातो. सहा पायांची टोपली करून ती डास-चिलटांखालून फिरवावी, इतक्या सहजतेने त्याची शिकार चालते.

त्याचे रूप डोळ्यांत भरणारे नाही, पण नीट पाहिल्यास सुंदर आहे. लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर; पंख पसरले असता या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ सेंटिमीटर. अंग पिकल्या भाताच्या रंगाचे; नर वयात आला की पाठीवर तांबूस झाक चढते. डोळे मोठे, तपकिरी-तांबडे, हजारो बारीक भिंगांचे मिळून झालेले. चारही पंख काचेसारखे स्वच्छ, पण मागची जोडी बुडाशी विशेष रुंद, आणि तेच त्याचे भांडवल होय. त्या रुंद पंखांमुळे तो घारीसारखा पंख न हलविता वाऱ्यावर तरंगू शकतो. सर्व मिळून वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतके!

डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव 'पॅन्टाला फ्लॅवेसेन्स'. त्यातील दुसरा शब्द तिच्या पिवळसर वर्णावरून आला आहे. इंग्रजीत तिला 'भटका तरंग्या' अशा अर्थाचे नाव आहे. मल्याळी लोक तिला 'तुलात्तुंबी', म्हणजे तुला महिन्यातील चतुर, म्हणतात. हा महिना आपल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. आपल्या देशातील चतुरांचा मोठा ग्रंथ लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टर फ्रेझर यांनी लिहिला. त्याचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. एकट्या पश्चिम घाटातच चतुर आणि त्यांचे नाजूक भाईबंद यांच्या मिळून २००हून अधिक जाती आढळतात. परंतु त्या सर्वांत या पिवळ्या, साध्या दिसणाऱ्या जातीसारखी प्रवासी दुसरी नाही. किंबहुना साऱ्या कीटकसृष्टीतच तिच्या तोडीचा प्रवासी सापडणे कठीण.

हे कसे कळले, ती हकीकत आम्ही चोर्ल्याचा घाट उतरताना पुतण्यास सांगितली. ती येथेही सांगितली पाहिजे.

हिंदी महासागरात मालदीव नावाची बेटे आहेत. ती पोवळ्यांची बनलेली. पाऊस पडला की पाणी वाळूत मुरून जाते. उघड्या गोड्या पाण्याची तळी तेथे जवळजवळ नाहीतच. चतुर तर गोड्या पाण्यावाचून जन्मूच शकत नाही. तरीही दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात या बेटांवर पिवळ्या चतुरांचे हजारोंनी आगमन होते, आणि काही दिवसांनी ते पुढे निघून जातात. तेथील लोकांस हे पूर्वापार ठाऊक. चतुर आले म्हणजे आता ईशान्येचे वारे सुरू होणार, असे ते समजतात. १९८३ पासून मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना मात्र प्रश्न पडला, की हे येतात कोठून आणि जातात कोठे? त्यांनी वर्षानुवर्षे चतुरांच्या येण्याच्या तारखा टिपून ठेवल्या, भारतातील व आफ्रिकेकडील नोंदी गोळा केल्या आणि २००९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

निष्कर्ष असा. आपल्याकडील पाऊस संपत आला, की हे चतुर दक्षिणेकडे सरकतात आणि समुद्रावर झेप घेतात. मालदीवपर्यंत ५०० ते १००० किलोमीटर उघडा समुद्र. खालचे वारे त्या वेळी प्रतिकूल असतात. परंतु हजार मीटरांहून अधिक उंचीवर ईशान्येकडून वारा वाहत असतो. तो या इवल्या जीवास गवसतो. त्याच वाऱ्यावर ते नोव्हेंबरात सेशेल्स बेटांवर दिसतात. ती बेटे भारतापासून सुमारे २,७०० किलोमीटर. तेथून पुढे आफ्रिकेचा पूर्व किनारा. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे तो सुरू होतो. म्हणजे चतुर जातात ते पावसाच्या मागोमाग. तिकडच्या डबक्यांत अंडी घातली जातात, नवी पिढी उपजते, ती आफ्रिकेतल्या आफ्रिकेत पावसामागून सरकते. आणि पुढे मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे वाहू लागले, की त्यांच्यावर स्वार होऊन चतुर भारतात परत येतात. ही सारी फेरी १४ ते १८ हजार किलोमीटरांची.

२०१२ मध्ये अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी आणखी एक पुरावा पुढे आणला. पावसाच्या पाण्यातील हायड्रोजनचे जड व हलके अणू किती प्रमाणात असावयाचे, हे प्रदेशाप्रदेशाप्रमाणे बदलते. चतुराचे पिल्लू पाण्यात वाढते, आणि त्याचे पंख घडतात त्यांत त्या जन्मपाण्याची खूण कायमची उमटते. मालदीवमध्ये सापडलेल्या चतुरांच्या पंखांची परीक्षा केली, तेव्हा ते उत्तर भारत, नेपाळ किंवा त्याहूनही पलीकडच्या पाण्यात जन्मल्याचे दिसून आले. माणूस आपले गाव विसरेल, नाव बदलेल. पण या कीटकाच्या पंखांतून त्याच्या जन्माचे तळे पुसले जात नाही!

"म्हणजे माझ्या डब्यातला चतुर आफ्रिकेला जाणार होता?" पुतण्याने विचारले.

"कदाचित जाणार असेल," आम्ही म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग डबा कानाशी धरून त्याने ऐकले. आत पंखांची फडफड चालू होती. "आणि परत कधी येणार होता?"

या प्रश्नावर आम्ही क्षणभर थांबलो, कारण चतुराच्या गोष्टीचा गाभा हाच आहे. जो जातो, तो परत येत नाही. एका फेरीस सुमारे चार पिढ्या लागतात. कणकुंबीचा चतुर समुद्र ओलांडून गेला, तरी तिकडेच अंडी घालून संपावयाचा. जूनमध्ये जो येईल, तो त्याचा नातू-पणतू. त्याने हा सडा कधी पाहिलेला नसतो, आईने वा आजीने त्यास वाट दाखविलेली नसते; तरी तो येतो.

पुतण्याने यावर काही विचारले नाही. डबा मात्र उघडला नाही. घाट, सुर्ला, केरी, अंजुणे धरणाचे निळे पाणी, साखळी, माशेल, बाणस्तारी असे करीत आम्ही दुपारच्या आत करमळीस पोहोचलो.

आत्याचे घर जुने, जांभ्या चिऱ्यांचे. पुढे सोपा, मागे माडांची राई, आणि त्या राईच्या कडेस ती तळी. तळी म्हणजे काही मोठा जलाशय नव्हे. बारा-पंधरा हात लांब, तितकीच रुंद, तीन बाजूंनी चिरे बसविलेली व चौथ्या बाजूस चार पायऱ्या. उन्हाळ्यात तळाशी जाते, पावसाळ्यात काठोकाठ भरते. आतेभावाने नवी मोटार घेतली आहे. ती रस्त्यावर उभी करावी लागते, म्हणून तळी बुजवून तेथे जागा करण्याचा त्याचा विचार. जवळच मातीचा एक ढीग येऊन पडलाही होता.

"दादा, तूच सांग," आतेभाऊ म्हणाला, "या पाण्याचा उपयोग काय? विहिरीवर पंप आहे, घरात नळ आहे. उलट डासांची भीती. तापाच्या साथी काय थोड्या येतात?"

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. घरात लहान मुले आहेत आणि डास हा काही थट्टेचा विषय नाही. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच पुतण्या अंगणातून ओरडला, "काका, हे बघा काय करतोय!"

आतेभावाची काळी मोटार नुकतीच धुतलेली, आरशासारखी चमकत होती. तिच्या टपावर एक पिवळा चतुर पुन्हा पुन्हा खाली येऊन शेपटीचे टोक टेकवीत होता. टेकवी, वर उठे, पुन्हा टेकवी. तो चतुर नव्हता. ती मादी होती, आणि ती अंडी घालीत होती.

पाणी ओळखण्याची चतुरांची रीत अशी, की पाण्यावरून परावर्तित होणारा विशिष्ट प्रकारचा प्रकाश त्यांस दिसतो. लक्षावधी वर्षे जगात तसा प्रकाश टाकणारी वस्तू मुख्यतः पाणीच होती, म्हणून ही खूण पुरेशी होती. आता गुळगुळीत रंगाच्या मोटारी आणि काचेसारखे पृष्ठभाग जागोजाग झाले. मादी फसते. एक मादी पाचशेपासून दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते. तापलेल्या पत्र्यावर पडलेले त्यांतील एकही वाचत नाही.

आतेभाऊ पाहत उभा राहिला. मग त्याने गोणपाट आणून मोटारीवर टाकले. मादी दोन घिरट्या घालून माडांच्या पलीकडे गेली.

आम्ही सर्व तळीवर गेलो. आत्या काठी टेकीत आमच्यामागून आली आणि पायरीवर बसली. काठच्या लव्हाळ्यावर पुतण्यास एक विचित्र वस्तू दिसली. किड्यासारखी, सहा पाय काडीस घट्ट आवळलेले, पाठ उभी फाटलेली, आणि आत काहीच नाही. ती चतुराची कात होती. चतुराच्या आयुष्यात फुलपाखरासारखा कोश नसतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यातच राहते, आतड्याच्या शेवटच्या भागात पाणी ओढून श्वास घेते, आणि प्रसंगी तेच पाणी जोराने मागे फेकून बाणासारखे पुढे सरकते. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो झटकन पुढे टाकून ते डासांच्या अळ्या, बारीक किडे, क्वचित बेडकाची पिल्लेही पकडते. इतर अनेक चतुरांची पिल्ले पाण्यात महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षे काढतात. या प्रवाशास तेवढी सवड कोठली? त्याची डबकी पावसाबरोबर येतात आणि उन्हाबरोबर आटतात. म्हणून त्याचे पिल्लू ३८ ते ६५ दिवसांत वाढ पुरी करते, बहुधा रात्रीच्या वेळी काडीवर चढते, पाठ फोडून बाहेर येते, आणि पंख वाळताच आभाळात जाते.

"म्हणजे डास खाणारे इथेच आहेत की," आमची पत्नी म्हणाली.

"आहेतच," आत्या म्हणाली. "डास व्हायचे ते त्या टायरात होतात आणि करवंट्यांत होतात. ते उचलायला सांगते तर कोण ऐकत नाही. तळीवर मात्र सगळ्यांचा डोळा."

गोठ्यामागे खरोखरच दोन जुने टायर पडले होते, आणि त्यांत पाणी होते. एकट्या चतुराच्या भरवशावर घर निर्धास्त राहील असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या पाण्यात डासांचे शत्रू नांदतात ते बुजवावे आणि ज्यात केवळ डासच होतात ते ठेवावे, यात शहाणपण नाही एवढे खरे.

मग पुतण्याने डबा आणला. तो पायरीवर ठेवून त्याने झाकण काढले. चतुर आत आडवा पडला होता. सकाळी काचेसारखे असलेले पंख फडफडून फडफडून कडांना फाटले होते, आणि मागचा एक पंख बुडाशी मोडला होता. पुतण्याने त्यास तळहातावर घेतले. त्याने दोनदा पंख थरथरविले. वर उठला नाही. पुतण्या हात उंच करून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. कोणी त्यास काही बोलले नाही. शेवटी त्याने चतुर लव्हाळ्याच्या काडीस, त्या कातीच्या शेजारीच, टेकवून ठेवला आणि आजीच्या जवळ जाऊन बसला.

आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरविला. "समुद्रापलीकडे जायचं होतं त्याला, होय ना?" तिने विचारले. वाटेत आम्ही सांगितलेली हकीकत पुतण्याने तिला केव्हाच ऐकविली होती. "कुठं म्हणालास?"

"आफ्रिकेला. मालदीव, सेशेल्स आणि मग आफ्रिका."

"आमच्या थोरल्या भावोजींची बोट त्याच वाटेनं गेली."

हे आम्हांस ऐकून माहीत होते, पण तिच्या तोंडून सविस्तर असे कधी ऐकले नव्हते. तिचे थोरले दीर गोवा मुक्त होण्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १९५९ मध्ये, नोकरीसाठी मोंबासास गेले. त्या काळी गोव्याची कितीतरी माणसे पूर्व आफ्रिकेत मोंबासा, नैरोबी, दारेसलाम येथे कचेऱ्यांतून, शिंपीकामांतून आणि स्वयंपाकघरांतून पोट भरीत. मुंबईकडून जाणाऱ्या काही बोटी सेशेल्सवरूनच मोंबासास पोहोचत. जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात भावोजींनी ही तळी स्वतः उपसली, चिरे बसविले आणि सांगितले, "परत आलो की पायऱ्या पुऱ्या करीन." पायऱ्या चारच आहेत, त्याचे कारण हे. ते परत आले नाहीत. पत्रे आली, पैसे आले, लग्नाचा फोटो आला. शेवटी तिकडच्या मातीत त्यांचा अंत झाल्याचे पत्र आले. त्यांची मुले तेथून विलायतेस गेली.

"त्यांतलं कोणी आलं नाही?" पत्नीने विचारले.

"एक नात आली होती, चार वर्षांमागं," आत्या म्हणाली. "मराठी नाही, कोकणी नाही. मी इंग्रजीत काय बोलणार? पण घरात शिरली ती सरळ मागच्या दारानं इथं आली आणि पायऱ्या मोजल्या. आजोबांनी सांगितलं होतं म्हणे, चार पायऱ्या आहेत म्हणून. एवढंच पाहून हसली." ती थोडी थांबली. "तळी नसती तर काय मोजलं असतं तिनं?"

आतेभाऊ मातीच्या ढिगाकडे पाहत होता. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी पुतण्यास घेऊन आम्ही करमळीच्या मोठ्या तळ्यावर गेलो. हे तळे फार जुने, माणसांनी बांधून काढलेले आणि उथळ. त्याच्या पाण्यावर उन्हाळी भाताचे वायंगण पिकते. काठावरून आता कोकण रेल्वे जाते व स्थानकही तेथेच आहे. पाण्यात देवभात माजले होते. कमळपक्षी पानांवरून चालत होते, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांतून डोकावत होत्या. आणि वर, रेल्वेच्या तारांच्याही वर, मावळतीच्या उन्हात पिवळ्या चतुरांचे थवेच्या थवे तरंगत होते. ते दक्षिणेकडे सरकत होते की चिलटांमागे फिरत होते, हे खालून सांगता येणे शक्य नव्हते.

त्यांच्या मागून पक्षीही जातात. सैबेरियाकडून येणारा अमूर ससाणा याच सुमारास आपला देश ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेस जातो, आणि समुद्रावर त्याची शिदोरी बहुधा हेच चतुर असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. २०१२ मध्ये नागालँडमध्ये या ससाण्यांची हजारोंनी हत्या होत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेथील गावपंचायती व चर्चची मंडळी पुढे झाली, आणि २०१३ च्या हंगामात त्या गावांनी शिकार बंद पाडली. ज्यांनी जाळी लावली होती, तेच राखणदार झाले. पुतण्यास ही गोष्ट विशेष आवडली. सकाळपासून त्याचे मन जड झाले होते. चुकलेला माणूस राखणदार होऊ शकतो, हे ऐकून त्यास थोडा धीर आला असावा.

शास्त्रज्ञांनी या चतुराचा हिशेब पुढेही चालू ठेवला आहे. २०१६ मध्ये दूरदूरच्या खंडांतील चतुरांची तुलना झाली आणि त्यांची आनुवंशिक घडण विलक्षण सारखी आढळली, जणू सारे जग हेच त्यांचे एक गाव. २०२१ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी गणित मांडले, की अंगात साठविलेल्या चरबीवर हा जीव फार तर ९० तास हवेत राहू शकेल. तेवढ्यात समुद्र ओलांडावयाचा तर वारा अनुकूलच लागतो. न मिळाला तर समुद्रात अंत. किती निघतात आणि किती पोहोचतात, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होते. हिमालयात ६,२०० मीटर उंचीवर हा आढळला आहे; आणि प्रशांत महासागरातील एकाकी ईस्टर बेटावर नांदणारा एकमेव चतुर हाच. त्याचे सामर्थ्य एवढे मोठे. पण त्याची गरज केवढी लहान! वाटेत आणि वाटेच्या शेवटी कोठेतरी घोटाभर पाणी.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. निघण्यापूर्वी पुतण्या एकटाच तळीवर जाऊन आला. लव्हाळ्यावर चतुर नव्हता. तो खाली पडला, मुंग्यांनी नेला, की पक्ष्याने उचलला, कोण जाणे. कात मात्र तेथेच होती. ती त्याने आजीस विचारून घेतली आणि त्याच बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवली. आतेभाऊ निरोप द्यावयास फाटकापर्यंत आला. तळीविषयी आम्ही काही बोललो नाही, त्यानेही काही सांगितले नाही. दोन्ही टायर मात्र फाटकाबाहेर उपडे पडलेले आम्ही पाहिले. येताना कणकुंबीच्या सड्यावर पुन्हा थांबलो. खळग्यांतील पाणी दोन दिवसांत बोटभर उतरले होते.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. त्याने आमची चौकशी केली, पावसाची केली आणि मग म्हणाला, "त्याला जरा फोन दे."

पुतण्याने फोन कानास लावला. काय बोलणे झाले ते आम्हांस ऐकू आले नाही. त्याचा चेहरा तेवढा दिसत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "तळीवर पिवळे चतुर आलेत. पुष्कळ आहेत. काका म्हणाले, मोजता येत नाहीत."

"आणि मातीचा ढीग?"

"अजून आहे म्हणाले. त्याच्यावर भोपळ्याचा वेल सोडलाय आजीनं."

ते चतुर मोंबासाकडचेच होते, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांच्या पंखांत कोणत्या पाण्याची खूण होती, हे पाहावयाचे साधन आमच्यापाशी नाही. पण ज्यांनी हे घर कधी पाहिले नव्हते ते आले, आणि त्यांच्यासाठी पाणी तेथे होते. पुतण्याने कातीचा डबा उघडून पाहिला, पुन्हा मिटला आणि विचारले, "काका, यंदा ऑक्टोबरात जायचं ना आपण?"

जावयाचे आहे. आत्याचा निरोप अद्याप आलेला नाही. परंतु या खेपेस आम्ही निरोपाची वाट पाहणार नाही.